काचेपलीकडची कारागिरी

चारचौघांत सांगता येणारे किस्से सांगून सांगून झिजतात. आमचे झिजत नाहीत, कारण ते सांगायला जागाच नाही! ऑफिसात नाही, लग्नकार्यात नाही, शेजारी तर नाहीच नाही. मग ते साठत जातात आणि मुलाकातीच्या दिवशी जेलसमोरच्या चहाच्या टपरीवर एकदम बाहेर पडतात.

टपरीवरची आमची गँग चौघांची. मुलुंडचे सावंत काका, त्यांचा मुलगा नितीन आत आहे. मनोरीची हिराबाय, मासे विकते, तिचा गोविंद आत आहे. गोरेगावची मीनल, तिचा नवरा सचिन. त्याची केस अजून चालू आहे. आणि मी, घाटकोपरची, एका सरकारी ऑफिसात कारकून. माझा धाकटा भाऊ प्रकाश आत आहे. नळावरच्या भांडणात त्याने एकाला ढकललं, तो माणूस पायरीवर पडला आणि गेला. गेलेल्यालाही बहीण होती. याच्यापुढे मला बोलता येत नाही, म्हणून इथेच थांबते.

कोण कशासाठी आत आहे हे आम्ही एकमेकांना फारसं विचारत नाही. विचारतो ते एवढंच, "या वेळी काय बनवलं?" आत माणसाला वेळ असतो आणि हात रिकामे असतात. पेपर, साबण, दोरा, बिस्किटं, जे मिळेल त्याचं काहीतरी होतं. ते तपासून कधीतरी आपल्या हातात पडतं. मग घरी आल्यावर प्रश्न येतो, आता हे ठेवायचं कुठे?

*

नितीनने एक बोट बनवली. नुसत्या पेपरच्या सुरळ्या वळून! शिडं, डेक, खिडक्या, दोरखंड, सगळं. हातभर लांब. सावंत काकांनी ती मांडीवर घेऊन मुलुंडपर्यंत रिक्षा केली.

काकूंनी ती शोकेसमध्ये ठेवली, कारण बिल्डिंगमध्ये सांगितलेलं होतं की नितीन जहाजावर नोकरीला आहे. बोट म्हणजे पुरावाच मिळाला! जो येईल त्याला काकू दाखवायच्या, "आमच्या नितीनने पाठवलीय. त्याचं जहाज अस्संच आहे."

एक दिवस वरच्या मजल्यावरच्या बाई चष्मा लावून अगदी जवळ गेल्या आणि शिडावरचं वाचायला लागल्या. "पाणीपुरवठा बंद राहणार... अय्या, जहाजावर मराठी पेपर येतो?"

काकू जराही डगमगल्या नाहीत. "मराठी माणूस कुठेही गेला तरी त्याला सकाळी पेपर लागतोच!"

बाई गेल्या आणि काकूंनी शोकेसवर चादर टाकली. दुसऱ्याच दिवशी काका हार्डवेअरमधून पांढऱ्या रंगाचा छोटा डबा घेऊन आले आणि अख्खी बोट रंगवून टाकली.

पुढच्या मुलाकातीला काचेपलीकडून नितीनने फोनवर विचारलं, "बोट लोकांनी बघितली?"

"बघितली ना. सगळ्यांनी बघितली."

"काय म्हणाले?"

काका म्हणाले, "रंग झकास आहे म्हणाले."

नितीनने फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाला, "बाबा, मी रंग दिलाच नव्हता."

काका हे आम्हाला सांगताना हसत होते. सांगून झाल्यावर चहा तसाच ठेवून उठले. "चला, माका उशीर होता हा," म्हणाले. त्यांना कसलाच उशीर होत नव्हता.

*

हिराबायचं सगळं उलटं. तिला कसली लाज कधी वाटेल, सांगता येत नाही.

गोविंद जन्मापासून होडीवर. त्याच्या बोटांना स्वस्थ बसता येत नाही. आत त्याने फाटक्या चादरीचे दोरे काढले आणि चक्क जाळं विणायला घेतलं. झडतीत सापडलं. दोरखंडासारखं काही सापडलं की जेलमध्ये केवढी गडबड! साहेबांनी विचारलं, "हे कशाला?" गोविंद म्हणाला, "डास येतात."

नशीब, साहेब हसले. हिराबाय मुलाकातीला आली तेव्हा त्यांनी तिला बोलावून ते जाळं टेबलावर टाकलं. "मावशी, मुलाला समजवा. पुन्हा असं सापडलं तर शिक्षा होईल."

हिराबायने जाळं उचललं, उजेडात धरलं, दोन ठिकाणी ओढून बघितलं. तिचा चेहरा उतरला. आम्हाला वाटलं, शिक्षेचं ऐकून घाबरली. ती तरातरा काचेजवळ गेली, फोन उचलला आणि ओरडली, "मेल्या, गाठ ढिली हाय तुझी! कोल्याचा पोर ना गाठ अशी? मासा सोड, खेकडा पन हसंल!"

गोविंद पलीकडून वाद घालायला लागला. दोरा निसरडा होता, सुई नव्हती, जेवणाच्या चमच्याने विणलं. ही ऐकेचना. अख्खी मुलाकात गाठीवर गेली! वकिलाचं राहिलं, औषधाचं राहिलं, वेळ संपली.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "अगं हिराबाय, एवढ्या लांबून आलीस आणि नुसती भांडलीस?"

ती पदराने डोळे पुसत होती. "गेल्या टायमाला आमी दोघं नुसती बघत बसलेलो ना. त्याला मना बघवं ना, मना त्याला बघवं ना. आज कसा तोंड वर करून बोल्ला!"

*

मीनलच्या सचिनने गणपती केला. अंगाच्या साबणाचा, लाल. चमच्याच्या दांड्याने कोरलेला, पण सोंड अशी सुरेख की बघत राहावं. तारखेला कोर्टात आणला तेव्हा सोबतच्या पोलिसाने आधी वास घेतला, मग उलटा करून हलवला, मग हात जोडले आणि मग मीनलकडे दिला!

घरी सासूबाई अडून बसल्या. "जेलमधला देव माझ्या देव्हाऱ्यात नको."

मीनल म्हणाली, "आई, कृष्ण कुठे जन्मला?"

"जन्मला असेल! पण त्याने काही केलं नव्हतं!"

सचिनने काही केलं की नाही, हे कोर्टालाही अजून ठरवता आलेलं नाही. तिने गणपती गुपचूप देव्हाऱ्याच्या कोपऱ्यात ठेवला. सासूबाई पूजा करताना त्या बाजूला बघायच्या नाहीत, पण फुलांची पाकळी रोज तिथेही पडलेली दिसायची. वाऱ्याने उडाली असेल म्हणायच्या. पंखा बंद असायचा!

विसर्जन घरातच, बादलीत. बाप्पा पाण्यात गेले आणि फेस सुरू झाला. मीनलने भक्तिभावाने पाणी ढवळलं, तर बादली भरून फेस बाहेर! तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी प्रसादाला आले. "झालं का विसर्जन?"

मीनल मोरीतून ओरडली, "होतंय, होतंय! फेस बसायची वाट बघतोय!"

"फेस? कसली माती म्हणायची ही?"

"कोकणातली!" हे सासूबाई बोलल्या.

सेक्रेटरी गेल्यावर मीनल बादली ओतायला गेली, तर सासूबाई मोरीत पाटावर बसलेल्या. हात कोपरापर्यंत फेसात. "राहू दे गं जरा," म्हणाल्या. "सचिन लहान असताना असाच फेस करून ठेवायचा."

त्या दिवसापासून सासूबाईंनी मीनलपुढे सचिनला पुन्हा कधी "तुझा नवरा" म्हटलं नाही. "माझा मुलगा" म्हणायला लागल्या. पण घरातल्या घरातच. दार उघडं असलं की अजूनही आवाज खाली येतो.

*

हा एक छोटासा. प्रकाशचा वाढदिवस होता. बराकीतल्या लोकांनी कँटीनच्या ग्लुकोज बिस्किटांचा चुरा केला, दूध घालून मळला, जेवणाच्या थाळीत थापला, वर शेंगदाण्यांनी नाव लिहिलं. केक तयार! मेणबत्ती कुठून आणणार? एकाने मधोमध पेटलेली विडी खोचली.

प्रकाशने विचारलं, "आता हिच्यावर फुंकर मारू की ओढू?"

मागून एक म्हातारा कैदी कळवळून म्हणाला, "बाबा, फुंकर मारू नको, माझी शेवटची आहे!"

प्रकाश हे काचेपलीकडून सांगताना इतका हसला की फोन हातातून सुटला. मग त्याने विचारलं, "घरी काय केलंत?"

"आईने शिरा केला," मी म्हटलं.

आईने वरण-भात केला होता. आज काय आहे हे आम्हा दोघींनाही माहीत होतं आणि दोघी टीव्हीकडे बघत जेवलो.

*

अंधेरीला आमच्या ऑफिसात नवीन खुर्च्या आल्या. सागवानी, जड, पॉलिश केलेल्या. शिपायाने टेम्पोवाल्याकडून बातमी आणली, "मॅडम, जेलच्या कारखान्यातल्या आहेत!"

झालं. दिवसभर धमाल! आमचे नाईक भाऊसाहेब खुर्चीत बसायच्या आधी मागचा खिसा चाचपायचे. "पाकीट सांभाळा रे बाबांनो, खुर्ची मारेल!" बाकीचे हसून हसून बेजार. कुणीतरी म्हणालं, "रात्री कुलूप लावा, नाहीतर खुर्च्या पळून जातील!" मीही हसत होते. गप्प बसले तर कुणी विचारेल, तुम्हाला काय झालं?

प्रकाश जेलच्या सुतारकामात आहे हे मला माहीत होतं. पुढच्या मुलाकातीला त्याने आल्या आल्या विचारलं, "ताई, खुर्च्या पोचल्या? तुमच्या ऑफिसचं नाव वाचलं ना, तेव्हा मी पुन्हा एकदा पॉलिश मारलं. डुगडुगत नाहीत ना?"

"नाही रे. एकदम पक्क्या आहेत."

"लोक काय म्हणतात?"

"चांगल्या आहेत म्हणतात."

तो काचेला नाक लावून माझ्याकडे बघत राहिला. "पाकीट सांभाळा म्हणाले की नाही?"

माझा चेहरा गरम झाला. "तुला कसं कळलं?"

"अगं, आम्ही पॉलिश मारताना तोच जोक करतो! सगळ्यांत जास्त मीच हसतो." मग हळूच म्हणाला, "तू हसलीस ना?"

"हसले."

"बरं केलंस. नाहीतर त्यांना कळलं असतं."

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात गेले आणि बराच वेळ खुर्चीला हात लावून उभीच राहिले. नाईक म्हणाले, "बसा की मॅडम, घाबरता कशाला?"

*

आता प्रकाशच्या मुलीचं, ऋतुजाचं लग्न.

स्थळ चांगलं होतं, बोरिवलीचं. मुलाला ऋतुजाने सगळं सांगितलं होतं. त्याची काही हरकत नव्हती, पण तो म्हणाला, "घरच्यांना आत्ताच नको." प्रकाशला विचारलं तेव्हा त्यानेच तोडगा काढला. "मला आजारी कर ताई. कणकवलीला असतो, अंथरुणावर आहे, प्रवास झेपत नाही म्हणून सांग."

"अरे, लग्नासाठी सोडतात तुम्हाला. अर्ज तर कर."

"सोडतील, पण सोबत पोलीस येतील. अक्षता टाकताना मागे खाकी उभी? लोक नवरीकडे बघतील की माझ्याकडे?"

त्याने अर्ज केला नाही. त्याने रुखवत केलं. मणी आणि दोरा मी साहेबांच्या परवानगीने आत दिला होता. तिथून आलं ते बघून प्रकाशची बायको सुषमा खालीच बसली. काड्यांची बैलगाडी, पेपरचं तुळशी वृंदावन, आणि मण्यांचा एक मोर. निळा-हिरवा, प्रत्येक पिसाला डोळा, मान जराशी वळलेली. प्रकाश म्हणाला होता, हा मोर आत सगळे एकमेकांकडूनच शिकतात, पोटाखालची वीण सगळ्यांची एकच.

रुखवतात प्रत्येक वस्तूपुढे कुणी केली त्याची चिठ्ठी असते. सुषमा पेन घेऊन बसली, आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. आजारी माणूस अंथरुणावर पडून एवढं करतो? शेवटी तिने लिहिलं, "नवरीच्या आत्याकडून."

हॉलमध्ये सगळी गर्दी त्या टेबलापाशी. "आत्या कोण? आत्या कुठेत?" मला पुढे ओढलं. बायका माझे हात हातात घेऊन बघत होत्या. "काय बोटं आहेत हो! किती दिवस लागले?" एक मुलगी म्हणाली, "मला शिकवाल? सुरुवात कुठून करतात, मानेपासून की शेपटीपासून?"

मी म्हटलं, "नंतर सांगते हं." आयुष्यात मला शर्टाचं बटण धड लावता आलेलं नाही. लोक फोटो काढत होते. मी मोराशेजारी उभी राहून हसत होते. जमीन दुभंगेल तर बरं, असं वाटत होतं. ऋतुजा स्टेजवरून माझ्याकडे बघत होती. तिने नजर वळवली.

जेवणाची पंगत लागली आणि टेबलाभोवतीची गर्दी पांगली. तेव्हा मुलाची आई एकट्याच आल्या. त्यांनी चिठ्ठी वाचली. मोर उचलला, उलटा केला, पोटाखालची वीण अंगठ्याने सावकाश चाचपली.

"असाच एक आमच्याकडे पण आहे," त्या म्हणाल्या. "अगदी अस्साच. कपाटात असतो."

"हो का?" मी म्हटलं. "कुणी केलेला?"

त्यांनी एकदा हॉलकडे बघितलं. त्यांची माणसं पंगतीत बसत होती, कुणीतरी त्यांना हाक मारत होतं. त्यांनी मोर अलगद जागेवर ठेवला, त्याची मान होती तशी वळवली आणि चिठ्ठी त्याच्यापुढे सरळ केली.

"आत्यानेच," त्या म्हणाल्या.