ओहोटीच्या वेळेचा सत्कार

आमच्या डोंबिवलीच्या कॉलेजात आंतरराष्ट्रीय सहकार्य कक्ष निघाला आणि तो माझ्या गळ्यात पडला, कारण स्टाफरूममध्ये मुदत न संपलेला पासपोर्ट फक्त माझ्याकडे होता. तोही टूर कंपनीबरोबर चार दिवस सिंगापूरला गेलेले म्हणून. मी वनस्पतिशास्त्र शिकवते. ठाण्याच्या खाडीतली तिवरं, म्हणजे चिखलात उभी असतात ती खारफुटीची झाडं, हा माझ्या पीएचडीचा विषय. पण ही गोष्ट निवड करताना कुणाच्या डोक्यातही आली नव्हती.

"यात करायचं काय असतं, सर?" मी प्राचार्यांना विचारलं.

"करार करायचा. कुठल्याही परदेशी विद्यापीठाशी. तपासणी समिती येणारे, फाइल जाड दिसली पाहिजे."

कक्ष म्हणजे जिमखान्याशेजारची खोली. आत एक कपाट, दोन कॅरम बोर्ड आणि दारावर नवी पाटी. मी दिवाळीच्या सुट्टीत बसून जगभरातल्या खाड्या आणि दलदलींवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांना ईमेल पाठवले. बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. एकाकडून 'मी रजेवर आहे' असं आपोआप येणारं उत्तर आलं. त्याची प्रिंट काढून मी फाइलला लावली. प्राचार्य खूश झाले.

मग पोर्तुगालमधल्या एका प्राध्यापिकेचं पत्र आलं. माझा जुना शोधनिबंध तिने वाचला होता. तो वाचलेली ती जगातली तिसरी व्यक्ती. आधीचे दोघे परीक्षक होते आणि त्यातल्या एकाबद्दल मला अजून शंका आहे. तिकडच्या समुद्रकाठच्या दलदलीत तिला जे दिसत होतं, तेच आमच्या खाडीत दिसतं का, हे तिला ताडून बघायचं होतं. दोन देशांनी मिळून अशा कामाला पैसे देणारी एक योजना होती. तिने लिहिलं, आपण दोघी अर्ज करू.

त्या अर्जाने माझा हिवाळा खाल्ला. एका रकान्यात संस्थेचा स्त्री-पुरुष समानतेचा आराखडा जोडायचा होता. मी ऑफिसात हेडक्लार्कना विचारलं, तर त्यांनी खूप विचार करून सांगितलं, "लेडीज रूमचा नकाशा आहे मॅडम, तो चालेल का बघा." दुसऱ्या रकान्यात प्रकल्पाला असलेले धोके लिहायचे होते. मी प्रामाणिकपणे पहिला धोका लिहिला: प्राचार्यांची सही वेळेवर न मिळणे. वाटलं, ती खोडेल. तिने कळवलं, "राहू दे. आमच्याकडेही आहे, फक्त त्याला डीन म्हणतात." त्या दिवसापासून आमचं जमलं.

अर्ज पाठवायच्या आधी ती स्वतः खाडी बघायला आली. घोडबंदर रोडवरच्या हॉटेलात उतरली आणि पहिला दिवस तिने खिडकीतून ट्रॅफिक बघण्यात घालवला, असं तिनेच सांगितलं. खाडीत जायचा दिवस ठरला शेवटचा, आणि नेमका त्याच दिवशी अकरा वाजता प्राचार्यांनी सत्कार ठेवला.

"सर, कार्यक्रम दुपारी घेऊ या. अकराला ओहोटी आहे."

"ओहोटी रोजच असते ना? दुसऱ्या दिवशी जा."

"दुसऱ्या दिवशी तिचं विमान आहे."

"मग लवकर उरका," ते म्हणाले, जणू मी भाजी आणायला चालले होते.

आम्ही सकाळी आठला कोलशेतला पोचलो. माझ्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गातली एक मुलगी तिथली. घर मासेमारीचं. तिच्या आईची स्वतःची होडी होती आणि तीच आम्हाला नेणार होती. नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, हातात लांब बांबू. तिने पाहुणीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, विशेषतः तिचे महागडे बूट, आणि लेकीला म्हणाली, "तिला सांग, चिखलान पाय उचलाचा नाय. सरकवत जायाचा."

मुलीने इंग्रजीत सांगितलं. पाहुणी म्हणाली, तिला वीस वर्षांची सवय आहे. होडीतून उतरून तिने पाय उचलला, टाकला आणि मांडीपर्यंत आत गेली. दुसरा पाय सोडवायला गेली तशी कमरेपर्यंत. मी पुढे धावले आणि तिच्या शेजारी तशीच रुतले. आईने शांतपणे होडीतली फळी काढली, चिखलावर आडवी टाकली आणि आम्हा दोघी डॉक्टरेटना एकेक करून उपटलं. एक बूट आतच राहिला. पाहुणी फळीवर पडल्या पडल्या हसत होती, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

त्यानंतर मात्र तिने मला काही विचारलं नाही. सगळे प्रश्न आईला. मुलगी मध्ये उभी राहून दोन्हीकडचं सांगत होती. कुठल्या वळणावर पूर्वी चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, भरपूर मिळायच्या, टॉवरांची गटारं सुटल्यापासून कुठलं पाणी गोडं झालं, कुठली तिवरं आधी वाळली. आई बांबूने दाखवत होती आणि पाहुणी वहीत उतरवत होती. माझ्या पीएचडीला पाच वर्षं लागली होती. त्यात गाइडपासून शिपायापर्यंत सगळ्यांचे आभार होते, पण असा प्रश्न मी खाडीवरच्या एकाही माणसाला विचारला नव्हता. मला लाज वाटली, आणि थोडा रागही आला. कुणाचा, ते ठरवता येईना.

कॉलेजात पोचायला पाऊण वाजला. सभागृहात मुलं कधीची बसवून ठेवलेली, रांगोळीवरून कुणीतरी चालून गेलेलं. प्राचार्यांनी आधी पाहुणीच्या पँटकडे पाहिलं, मग तिच्या पायातल्या हॉटेलच्या स्लिपरांकडे, मग माझ्याकडे. शाल त्यांनी तिच्या खांद्यावर अगदी टोकाला धरून घातली.

मग संस्थेचे अध्यक्ष भाषणाला उठले. पोर्तुगाल म्हटल्यावर त्यांना एकच विषय सुचला. मराठ्यांनी वसईचा किल्ला पोर्तुगीजांकडून कसा जिंकला, हे त्यांनी वीस मिनिटं सांगितलं, हातवारे करून, शेवटी टाळ्या घेऊन. पाहुणीही टाळ्या वाजवत होती.

"काय म्हणाले ते?" तिने हळूच विचारलं.

"आपल्या दोन देशांचे जुने संबंध आहेत म्हणाले."

"वसई हा शब्द मला कळला," ती म्हणाली. "आमच्या पुस्तकात तो धडा फार छोटा आहे."

चार-पाच महिन्यांनी निकाल आला. अर्ज नामंजूर. परीक्षकांनी आमच्या प्रकल्पाला 'अत्यंत महत्त्वाकांक्षी' म्हटलं होतं. नकाराच्या पत्रातली स्तुती किती वाचावी याला मर्यादा असते, तरी मी दोनदा वाचली. प्राचार्यांनी तेही पत्र फाइलला लावायला सांगितलं, कारण लेटरहेड चांगलं होतं.

पण पाहुणीच्या विद्यापीठात विद्यार्थ्यांसाठी वेगळी, लहानशी योजना होती. एका सत्रासाठी एक जण, जाण्यायेण्यासकट. तिने विचारलं, होडीवाली मुलगी अर्ज करेल का? प्राचार्यांचं मत, टॉपरला पाठवावं. टॉपरने तीन महिने चिखलात काम आहे हे वाचलं आणि प्रकृतीचं कारण लेखी दिलं. होडीवालीने अर्ज केला, ऑनलाइन मुलाखत दिली आणि तिची निवड झाली.

सह्या घ्यायला मी तिच्या घरी गेले. आईने चहा पुढे केला आणि थेट विचारलं, "म्याडम, तुमी गेलाव का तिकरं?"

"नाही."

"मंग तुमाला कसा ठाव, ठीक हाय त्या?"

मी कागद खाली ठेवले. माझ्याकडे विद्यापीठाचं माहितीपत्रक होतं, वसतिगृहाचे फोटो होते. ते काढावेसे वाटले नाहीत. "जागेचं मला माहीत नाही," मी म्हटलं. "ती बाई माहीत आहे. चिखलात उतरताना तुमचं ऐकायला हवं होतं, असं तिने मला पत्रातसुद्धा लिहिलं."

आई लेकीकडे वळली. मग म्हणाली, "जा. पन रोज फोन कराचा." सही तिने सावकाश, एकेक अक्षर काढत केली.

मुलगी गेली आणि सत्र संपल्यावर परत आली. केस कापलेले, चालण्यात वेगळाच आत्मविश्वास. सभागृहात तिचं भाषण झालं. तिकडे काय शिकलीस असं कुणी विचारल्यावर तिने सांगितलं, तिकडे मुलं प्राध्यापकांना नावाने हाक मारतात आणि चुकलं तर तोंडावर सांगतात. पहिल्या रांगेत चुळबुळ झाली.

पुढच्या आठवड्यात ती माझ्या खोलीत आली. मी घेतलेली खाडीच्या पाण्याच्या खारटपणाची तीन वर्षांची मापं तिने तपासली होती. "मॅडम, तुम्ही नमुने कॉलेज सुटल्यावर घेता. भरती-ओहोटी बघून नाही. त्यामुळे हे आकडे एकमेकांशी लावता येत नाहीत."

माझ्या कॉलेजच्या वेळेवर खाडी चालत नाही, हे तिचं म्हणणं बरोबर होतं. तरी दोन दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही. स्टाफरूममध्ये हल्लीच्या मुलांबद्दल बरंच काही बोलले. तिसऱ्या दिवशी तिला बोलावून घेतलं आणि आम्ही दोघींनी तीन वर्षांतले वापरता येण्याजोगे आकडे वेगळे काढायला सुरुवात केली. फार थोडे उरले. संध्याकाळी तिने भरतीच्या वेळांचा तक्ता छापून माझ्या टेबलाच्या काचेखाली सरकवला, आणि मी तो काढला नाही.