बादलीतला बाप्तिस्मा

खरं सांगायचं तर गेल्या वर्षीचा नाताळ मी देवासाठी नाही, हट्टासाठी मांडला होता. पावसाळ्याच्या तोंडावर माझे बाबा गेले. त्यानंतर मी दर रविवारी चर्चला जात होते, गीतं म्हणत होते, आमेनच्या जागी आमेन म्हणत होते. पण आत काहीच हलत नव्हतं. प्रार्थनेला डोळे मिटले की गॅस बंद केलाय ना आणि सातवी ब च्या वह्या तपासायच्या राहिल्यात, एवढंच आठवायचं. हे कुणाला सांगायची सोय नव्हती. आमच्या मंडळीत कुणी रडलं की चार जणी रुमाल घेऊन धावतात, पण ‘मला काही वाटतच नाही’ म्हटलं असतं तर घरी प्रार्थनासभाच लागली असती.

स्वतःचं आटलंय तर निदान लेकीचं तरी नीट व्हावं, असं मी ठरवलं. रूथ पाच वर्षांची. तिला नाताळ म्हणजे लाल टोपी आणि मॉलमधला कापसाचा बर्फ वाटायला नको होता. मी गणिताची शिक्षिका, त्यामुळे ‘ठरवलं’ म्हणजे वेळापत्रकच केलं. आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांच्या, दर रविवारी एक मेणबत्ती. रोज संध्याकाळी बायबलमधली एक गोष्ट. आणि गव्हाणीत बाळ येशू ठेवायचा तो चोवीस तारखेच्या संध्याकाळी, एक दिवसही आधी नाही. माझा नवरा विजय म्हणाला, “घटक चाचणी कधी आहे तेवढं सांग.” मी वेळापत्रक फ्रिजवर चिकटवलं.

गव्हाणी बाबांनी केलेली. ते चित्रकलेचे मास्तर. दर गणपतीत शाळेतल्या मुलांकडून शाडूच्या मूर्ती करून घ्यायचे आणि उरलेला शाडू डब्यात भरून घरी आणायचे. त्यातूनच रूथच्या जन्माच्या वर्षी मरीया, योसेफ, दोन मेंढपाळ, एक गाढव आणि बोटभर लांबीचा बाळ येशू झाला. शाडूच तो, भाजलेला नाही, वरून नुसते पाण्याचे रंग. बाळ गवतावर ठेवला की घरंगळायचा, म्हणून माती ओली असतानाच बाबांनी त्याच्या पाठीला अंगठ्याने दाबून खळगा पाडला होता. बाबा गेल्यावर तो खळगा माझ्यासाठी काय होता, ते मी कुणाला बोलले नाही. कपाटातल्या स्टीलच्या डब्यात, रुमालात गुंडाळून बाळ ठेवला होता. अधूनमधून डबा उघडून मी त्या खळग्यावर बोट फिरवायची.

आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारी माझ्या भाच्याचा बाप्तिस्मा झाला. रूथ पहिल्या बाकावर उभी राहून टक लावून बघत होती. दुसऱ्या दिवशी मी शाळेत, विजय घरून काम करत होता. तिने त्याला विचारलं, येशूचा पण बाप्तिस्मा झालेला का? त्याने लॅपटॉपमधून मान वर न करता सांगितलं, हो, नदीत. झालं! भाच्याच्या डोक्यावर पाळकसाहेबांनी तीनच थेंब शिंपडले होते. पण येशूचं काम मोठं, नदीतलं. बाईसाहेबांनी स्टूल लावून डबा काढला, न्हाणीघरातली बादली भरली आणि बाळ येशूला पूर्ण बुडवलं. त्याला आवडतंय असं वाटल्यावर तिथेच ठेवून चित्रं रंगवायला गेली.

मी घरी आले तेव्हा बादलीत राखाडी पाणी होतं आणि वर गुलाबी रंगाचा तवंग. रूथ हात धरून मला दाखवायला घेऊन गेली, तोपर्यंत तिच्या चेहऱ्यावर केवढा आनंद! मी पाण्यात हात घातला. तळाशी नुसता चिखल लागला. मग माझ्या तोंडून काय काय निघालं ते लिहायलाही लाज वाटते. आजोबांच्या हातचा बाळ होता, तोसुद्धा घालवलास, असं म्हणाले. आणि शेवटी म्हणाले, “आता येशू येणार नाही आपल्या घरी. समजलं?” ती रडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त मान हलवली, समजलं म्हणून.

रात्रीपर्यंत माझा राग उतरला. मी तिला जवळ घेतलं, चुकले म्हणाले, येशू कधी रागवत नाही म्हणाले. ती म्हणाली, “पण तू सांगितलंस ना.” पाच वर्षांच्या मुलीला आईचं बोलणं म्हणजे पुस्तकातलं उत्तर, ते मागे घेता येत नाही. चर्चमधल्या रविवारच्या शाळेच्या नाताळच्या नाटकात ती देवदूत होणार होती. सरावाला जाऊन तिने बाईंना सांगून टाकलं की दुसऱ्या कुणाला पंख द्या, आमच्याकडे या वर्षी तो येणार नाहीये. घरी संध्याकाळी विजय खिडकीतली चांदणी लावायला गेला, तर ही शांतपणे म्हणाली, “नको लावू बाबा. तो उगाच चुकून येईल आणि मग आईला परत राग येईल.”

अगं आई गं! ते ऐकून मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. माझ्या पोरीच्या मनात मी देवाला दाराबाहेर उभं केलं होतं, आणि दार उघडायचं कसं ते मला येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुकानातून प्लास्टिकचा बाळ येशू आणला. तिने तो हातात घेऊन नीट पाहिला आणि परत दिला. “हा आपला नाही. ह्याचे डोळे निळे आहेत.” त्या संध्याकाळी ओट्यापाशी मी कित्येक महिन्यांनी खरी प्रार्थना केली. तिला प्रार्थना तरी कसं म्हणावं? भांडणच होतं ते. म्हटलं, प्रभू, माझ्याशी बोलायचं नसेल तर नको बोलूस, पण ह्या पोरीने काय केलंय? तिने तर तुलाच अंघोळ घातली ना! उत्तर वगैरे काही आलं नाही. कुकरची शिट्टी मात्र झाली.

बादलीतला गाळ मात्र टाकला नव्हता. विजयने वरचं पाणी हळूच ओतून तळाचा गाळ एका जुन्या पातेल्यात काढून बाल्कनीत ठेवला होता. रूथने त्यावर आपला रुमाल झाकला होता आणि कामाच्या मावशींना ताकीद दिली होती, टाकायचं नाही. मला ते पातेलं बघवत नव्हतं.

नाताळच्या दोन दिवस आधी रजा टाकून मी रूथला घेऊन मंडईत गेले. करंज्यांसाठी नारळ हवे होते, आणि नाताळ येवो न येवो, शेजारच्या चार घरी ताटं जायलाच हवीत; दिवाळीत त्यांची येतात. मंडईच्या बाहेर, भाजीवाल्यांच्या रांगेच्या शेवटी एक आजी पोतं अंथरून संक्रांतीची सुगडं विकत बसल्या होत्या. काळ्यासावळ्या, कपाळावर मोठं कुंकू, हात कोपरापर्यंत मातीचे. रूथ तिथे थांबली ती हलेचना. एक सुगड हातात घेऊन तिने विचारलं, “आजी, माती पाण्यात गेली की मरते का?”

मला वाटलं आजी हसतील. त्यांनी आधी मुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाल्या, “मरतीय कशाला? भिजती. सुकती. पुन्यांदा घडती. तिला काय हुतंय!” रूथने तिथेच उकिडवं बसून सगळी हकीकत सांगितली, बाप्तिस्म्यापासून निळ्या डोळ्यांपर्यंत. मी काय बोलले होते तेही सांगितलं, एक शब्द गाळला नाही. आजूबाजूला कोथिंबीर घेणाऱ्या बायका ऐकत होत्या, मला तर जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. आजींनी सगळं ऐकून एवढंच विचारलं, “गाळ टाकला का?” नाही म्हटल्यावर त्या मलाच ओरडल्या. “मग रडताय कशाला दोघी? उंद्या घिऊन या. मी हितंच हाय.”

चोवीस तारखेला सकाळी आम्ही तो गाळ स्टीलच्या त्याच डब्यात भरून बसने मंडईत गेलो. वाटेत मला सारखं वाटत होतं, आजी नसणार. पण होत्या, चहा पीत. डब्यात बोट घालून त्यांनी माती चोळून पाहिली. “ही आमची न्हाय. गणपतीची हाय.” चिंध्यांच्या गाठोड्यातून एक फडकं काढून त्यांनी गाळ त्यात बांधला, पिळून पाणी काढलं, चिमूटभर कापूस मिसळला आणि तो गोळा रूथपुढे ठेवला. मी म्हटलं, “अहो, तुम्हीच करा ना. तुमचा हात बसलेला.” तशा त्या हसल्या. “माझ्या हाताला गाडगी येत्यात बाई, देव न्हाय. ही करंल. हिच्या आज्याची कला हाय ना हिच्यात.”

रूथने करायला घेतलं. जीभ बाहेर काढून, नाकाला माती लावून. आधी बटाटा झाला, मग बटाट्याला डोकं आलं, धडापेक्षा मोठं. हात म्हणून दोन शेंगा. माझे हात शिवशिवत होते. एवढं डोकं लहान करावं, मान नीट करावी, बाबांनी केलं होतं तसं थोडं तरी दिसावं. न राहवून मी बोट पुढे केलं, तर आजींनी माझ्या हातावर चापट मारली. खरंच मारली. “हात मागं घ्या. तुमचा न्हाय त्यो.”

मी हात मागे घेतला. मांडीवर ठेवला. आणि तेव्हा माझ्या लेकीने बाळाला उलटं केलं, ‘घरंगळायला नको’ असं पुटपुटली आणि त्याच्या पाठीला अंगठा दाबला. हे तिला मी कधीच सांगितलं नव्हतं. आदल्या वर्षी, शेवटच्या नाताळात, आजोबांनी मांडीवर बसवून तिला दाखवलं होतं म्हणे. मी त्या मंडईच्या फुटपाथवर, मेथीच्या जुड्यांशेजारी बसून अशी रडले, तशी बाबांच्या अंत्यविधीलाही रडले नव्हते. रूथ घाबरली. आजी तिला म्हणाल्या, “रडू दे. भिजतीय.”

सावलीतच वाळवा, उन्हात तडकंल, असं त्यांनी बजावलं होतं. एका दिवसात तो कसला वाळतोय! संध्याकाळी गव्हाणीत बाळ येशू ठेवला तो ओलाच होता, बिनरंगाचा, राखाडी, शेजारच्या देखण्या मरीयेने ह्याला आपला कसा मानला असेल असा प्रश्न पडावा असा. विजय म्हणाला, अजून ओला आहे गं. रूथ म्हणाली, “असणारच. आत्ताच बाप्तिस्मा झालाय ना!” आणि तिने स्वतः खुर्चीवर चढून चांदणीचं बटण दाबलं. थोड्या वेळाने आमच्या चर्चची मंडळी ढोलकी आणि गिटार घेऊन घरोघरी गीतं गात आमच्या जिन्यात आली. दाराची कडी वाजायच्या आत रूथने दार उघडलं आणि सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं ओरडली, “आला! आमच्याकडे पण आला!” शेजारचे काका पेपर हातात घेऊन बाहेर आले, कोण आलं म्हणून. तिने त्यांनाही आत ओढलं आणि दाखवलं.

नाताळनंतर करंज्यांचा डबा घेऊन आम्ही मंडईत गेलो. अशा अनुभवांत मदतीला आलेला माणूस पुढे कधीच सापडत नाही, असं मी ऐकलंय. आजी तिथेच होत्या. करंजी तोडून खाल्ली आणि म्हणाल्या, “सारण कमी पडलंय.” मी काही सिद्ध करायला बसलेली नाही. आजी आजीच होत्या, माती मातीच होती. मी ओट्यापाशी प्रभूशी भांडून जे मागितलं होतं ते मला अशा हातांनी मिळालं, एवढंच मला माहीत आहे, आणि त्याबद्दल प्रभूचे आभार मानताना आता मला गॅस आठवत नाही.

वाळल्यावर बाळाच्या कानाजवळ एक बारीक चीर पडली. मी ती बुजवली नाही. बाबांच्या अंगठ्याचा खळगा गेला, त्याच मातीत आता रूथच्या अंगठ्याचा आहे, हरभऱ्याएवढा. माझं बोट त्यात मावत नाही. रूथबद्दल, बाबांबद्दल, उद्याबद्दल, काहीही मागायला बसले की माझं बोट अजूनही दुरुस्त करायला पुढे जातं. मग ती चापट आठवते. मी हात मागे घेते, मांडीवर ठेवते आणि म्हणते, प्रभू, तू कर.