ड्रॅगन मेला कसा?

माझ्या दोन नाती, जुई आणि सानिका, सोफ्यावर पाय घेऊन तावातावानं भांडत होत्या. त्यांच्या मालिकेतला ड्रॅगन काल एका बाणात पडला होता.

“अख्खा डोंगर जाळतो तो, आणि एका बाणानं मरतो? काहीतरीच!” जुई म्हणाली.

“अगं, बाण विषारी होता ना,” सानिका म्हणाली, पण आवाज रडवेला.

मला माझंच ध्यान आठवलं. नवी सून होते, बीए झाल्याचा तोरा होता. साप्ताहिकातल्या क्रमशः कादंबरीत राजपुत्र मेला, तेव्हा मी संपादकांना चार पानी पत्र खरडलं: त्याच्या अंगठीत अमृत होतं, त्याचं काय झालं, खुलासा करावा. सासूबाईंना वाटलं, सूनबाई नोकरीचा अर्ज लिहितेय! वर मथळा काय, तर ‘एक तर्कशुद्ध शंका’. कसली डोंबलाची शंका? तो मेलेला मला नको होता, एवढंच. ज्याच्यावर जीव जडला त्याला मरणातून बाहेर काढायला आपण गोष्टीत फट शोधत बसतो आणि त्याला तर्क म्हणतो.

“पडल्यावर डोळे मिटलेले दाखवले का गं त्याचे?” मी विचारलं.

दोघी गर्रकन वळल्या. “नाही, आजी!”

“मग मेला कुठे?”

सानिकानं नाक पुसलं आणि सरकून मला मधे जागा केली.