जिन्याचं घर

समोरच्या घरातली म्हातारी जिन्यात मध्येच थांबली होती. एक हात कठड्यावर, दुसरा गुडघ्यावर. इकडे लेकीच्या घराच्या जिन्यात मीही तशीच. तिने खिडकीतून हात हलवला, मीही हलवला. परदेशातली ही भिंतीला भिंत लावून उभी केलेली घरं! गाडी तळाला, स्वयंपाकघर मधल्या मजल्यावर, झोपायचं सगळ्यांत वर, आणि चष्मा मी नसेन त्या मजल्यावर.

बरं, हे खूळ माझंच. नवी नवरी असताना दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात ह्यांच्या मागे लागायचे, "घरातल्या घरात जिना हवा!" पदर सोडून पायऱ्या उतरणार होत्या बाईसाहेब. उतरल्यावर पुन्हा चढावंही लागतं, हे त्या शहाणीच्या डोक्यातच आलं नाही. लेक ते ऐकतच मोठी झाली आणि तिने नेमकं हेच घर घेतलं.

"आई, तुझ्या हौसेचं घर आहे गं! आता कायमची राहशील ना?" तिने खालून विचारलं.

"नाही गं बाई" एवढं म्हणायलाही दम उरला नव्हता. मी नुसती मान हलवली. ती "हो" समजली आणि माझी रिकामी बॅग माळ्यावर टाकायला धावत वर गेली.