एकदाच लावलेला कौल

हे सांगायचं मी दहा वर्षं टाळलं. विनायक असताना त्याच्यासमोर बसून बोलायला हवं होतं, ते जमलं नाही, आणि आता तो नाही म्हटल्यावर कागद पुढे ओढलाय... यात मोठेपणा काही नाही, हे मला कळतं. सहा आठवड्यांपूर्वी सकाळी शैलाचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, फोन आला. "दादा, हे उठत नाहीयेत." आमची घरं एकाच आवारात, मध्ये जेमतेम पन्नास पावलं. चपला न घालताच गेलो. झोपेतच हृदय थांबलं होतं. तेराव्याला भावकीतली माणसं हळहळली, "बिचारा, कायम दुखणाईत." याच माणसांना मी कधीकाळी पटवून दिलं होतं, की याला काही झालेलं नाही.

विनायक माझा धाकटा भाऊ, माझ्याहून बारा वर्षांनी लहान. नोकरीसाठी पाचेक वर्षं अमेरिकेत होता. सुट्टीच्या दिवशी रानात चालायला जायचा, तिथे गुडघ्याच्या मागे गोचीड चावली. जागेवर लाल कडं उमटलं, पसरलं आणि आपोआप गेलं, म्हणून त्याने मनावर घेतलं नाही. वर्षभराने सांधे धरले, ताप येऊ-जाऊ लागला, तेव्हा निदान झालं, लाइम, गोचिडीच्या चाव्यातून होणारा आजार. औषधं झाली. पण काही जणांचं दुखणं औषधांनंतरही मागे राहतं, आणि का राहतं ते डॉक्टरांनाही नीट सांगता येत नाही, असं तो म्हणायचा. नोकरी झेपेना, तशी दोघं जयगडच्या रस्त्यावरच्या आमच्या गावी परत आली. पहिल्याच आठवड्यात त्याने मला हे सगळं सांगितलं आणि मी हसलो. "गोचीड? अरे, आपल्या गोठ्यात बैलांच्या कानातून मी आयुष्यभर गोचड्या उपटल्या. मग मी तर अंथरुणातून उठायलाच नको होतं!" गावातही चेष्टा झाली. लाइम म्हणजे लिंबू, एवढं इंग्रजी सगळ्यांना येत होतं. "विन्या अमेरिकेत जाऊन लिंबू चावून आला," असं पारावर कोणीतरी म्हणालं आणि तोही त्यांच्यात बसून हसला.

बरा दिसायचा, हीच त्याची अडचण होती. चेहऱ्यावर तेज, बोलणं गोड. त्यामागे केवढी शिस्त होती ते मी बघत होतो, पण मानत नव्हतो. दिवसाला एकच जड काम. डोक्यावरून आंघोळ केली तर त्या दिवशी बाजार नाही. विहिरीपासून दारापर्यंत शैलाने तीन ठिकाणी स्टुलं ठेवली होती. उन्हाने डोकं उठायचं म्हणून अंगणातसुद्धा टोपी. कधीकधी शब्द हरवायचे. "दादा, ते दे जरा... ते आपलं, फांद्या तोडतो ते..." कोयता समोर पडलेला असायचा. एकदा मला म्हणाला, "आपल्या खालच्या विहिरीसारखं आहे माझं. उपसली की पाणी चढेपर्यंत थांबायचं. घाई केली की गाळ येतो." मी म्हटलं, "विहिरीला पंप बसवता येतो. तुला काय बसवू?"

हापूसची बाग दोघांची, सामाईक. हंगामात माणसं मिळेनात आणि हा सावलीत बसून आंब्यांची प्रतवारी करणार. भावकी माझे कान फुंकायची, आणि खरं सांगायचं तर त्यांना फार फुंकावं लागत नव्हतं. शेवटी कोणीतरी सुचवलं, देवाला विचारा. आमच्या ग्रामदेवतेला कौल लावतात. गुरव पाषाणावर फुलाच्या ओल्या कळ्या चिकटवतो. प्रश्न घातला की उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. अशा बाबतीत एका कळीवर निकाल धरत नाहीत, तीनदा विचारायचं, असा आमच्याकडे रिवाज आहे. मी विनायकला विचारलं. त्याचा यावर विश्वास नव्हता, तरी म्हणाला, "विचार. निदान एकदा कोणीतरी विचारेल तरी."

आमच्या घराकडे देवळाचा मान आहे, त्यामुळे गाऱ्हाणं मीच घातलं. विनायक खांबाला टेकून शाल पांघरून बसला होता. "बा देवा महाराजा, या लेकराचं दुखणं खरं असेल तर उजवा दे." मागून सगळे म्हणाले, "व्हय महाराजा!" थोड्या वेळाने डावी कळी पडली. गुरव दुसरी लावायला वाकला. मी म्हटलं, "असू दे."

"भाऊनू, तीनदा विचारायचा रिवाज हाय."

"देव एकदा बोलला ना? पुरे झालं."

गुरवाने माझ्याकडे पाहिलं आणि हात पुसले. विनायक खांबाला धरून उठला. देवळाच्या पायऱ्या उतरताना एवढंच म्हणाला, "उद्या किती वाजता बागेत यायचं?"

तो आला. पूर्ण हंगाम आला. झेला, म्हणजे जाळी लावलेली लांब काठी, घेऊन आंबे उतरवले, भरलेले क्रेट कातळावरून गाडीपर्यंत उचलले, कुठेही बसला नाही. शैला रोज दारात उभी राहून माझ्याकडे बघायची, मी दुसरीकडे बघायचो. गावाला मी सांगत सुटलो, "बघा, देवाने उठवला की नाही!" पाऊस लागला आणि विनायक आडवा झाला. आठ महिने. पाय उचलेना, उजेड सोसवेना, दिवसदिवस खिडकी बंद. पुढे तो उठला, पण बागेच्या दगडी गडग्यापर्यंत चालत जायचा तो विनायक काही परत आला नाही. मला त्याने कधी एका शब्दाने टोचलं नाही. टोचलं असतं तर बरं झालं असतं.

गेल्या मोहोराच्या दिवसांत एका सकाळी मी ठरवून त्याच्याकडे गेलो. पडवीत आरामखुर्चीत होता. "काय दादा, काही काम?"

"नाही... टाकीत पाणी आहे का बघायला आलो."

"टाकी मागच्या बाजूला आहे," तो हसला. "बस. बोलायचं असेल तर बोल, आज डोकं साफ आहे माझं."

मी बसलो. मग म्हटलं, "मोहोर बरा आलाय यंदा." तो म्हणाला, "हो, वास येतो इथपर्यंत." आत शैलाने चहा टाकला. तो पिऊन मी उठलो.

त्या सकाळी सांगायचं होतं ते असं. कौलाच्या आदल्या दिवशी, विनू, मी गोठ्यात होतो आणि तू विहिरीवरून कळशी घेऊन येत होतास. शैला घरात नव्हती, आजूबाजूला कोणी नव्हतं. तू स्टुलापर्यंतही पोचला नाहीस, मातीत बसलास, कळशी दोन्ही हातांनी धरून ठेवलीस आणि कपाळ तिच्यावर टेकलंस. कोणी बघत नसताना माणूस सोंग करत नाही. एवढं मला कळत होतं... म्हणूनच मी दुसरी कळी लावू दिली नाही. ती उजवी पडेल याची मला भीती होती. मला माफ कर.