पानं नसलेलं जंगल

आमचं घर चांद्याच्या लहान गाडीच्या, म्हणजे अरुंद रुळांवरच्या रेल्वेच्या, एका स्टेशनाजवळ होतं. तिथं झेंडी दाखवणारा माणूस मला रोज दिसायचा. त्याचं नाव मला ठाऊक नव्हतं. परक्या पुरुषाचं नाव बायका कुठे विचारतात?

दर गणपतीत तो स्टेशनात एका फळीवर देखावा करी. मातीचे डोंगर, वाळल्या गवताच्या जागी लाकडाचा भुसा, सागवानाची कोरलेली इवली गाडी. सगळं हुबेहूब. झाडं मात्र नुसत्या काटक्यांची, चैतातल्या पानं झडलेल्या सागासारखी.

एका वर्षी माझ्यासोबत देखावा पाहायला आलेली शेजारीण हसली. "भाऊ, देवापुढं अशे वाळेल झाडं ठेवता काय? बाहेर पाहा, किती हिरवं हाये." आणि तिनं काटक्यांना दूर्वा खोवल्या.

तो रागावला नाही. ती गेल्यावर एकेक दूर्वा काढू लागला, झाड मोडू नये म्हणून दुसऱ्या हातानं धरून. मला कशी कोण जाणे हिंमत झाली. "काऊन काढता, भाऊ?"

वर न पाहता तो म्हणाला, "बाई, माह्या पोरीले नागपूरच्या दवाखान्यात नेलं, तेव्हा असेच पावसाचे दिवस होते. झेंडी मीच दाखवली. ती खिडकीतून हात हालवत होती, पण गाडी लगेच पानाआड गेली. पोरगी परत नाई आली. चैत असता तं पार पुलापर्यंत दिसली असती."

खाली बसून मीही दूर्वा काढू लागले. झाडं उघडी झाल्यावर त्यानं गाडीवर बोट ठेवलं आणि ती हळूहळू फळीच्या टोकापर्यंत नेली. सगळा वेळ ती दिसत होती.