रोमा बसली होती

माझं शेवटचं पोस्टिंग काश्मीरात होतं. मी हवालदार, काम डॉग हँडलरचं. माझ्याकडे रोमा नावाची काळी लॅब्राडोर होती. सकाळी सहाला रोड ओपनिंग पार्टी निघायची. गाड्यांचा ताफा येण्याआधी आम्ही रस्ता पायी तपासायचो. रोमा पुढे, लीश धरून मी, मागे नायक जगतारसिंग आणि बाकीचे जवान. बारुदाचा वास आला की रोमा भुंकायची नाही, उकरायची नाही. गुपचूप खाली बसायची आणि माझ्याकडे बघायची. तिचं बसणं म्हणजे पुढे जाऊ नका. या एका गोष्टीसाठी तिला कित्येक महिने शिकवलं होतं.

हे आता सांगतोय ते आमच्या शेरूमुळे. रिटायर होऊन मी आमच्या गावी, दिघोरीला आलो, धानाची शेती बघतो. शेरू गावठी कुत्रा, दीड वर्षाचा, आल्यागेल्याच्या अंगावर उड्या मारायची भारी खोड. मागच्या महिन्यात त्याने शेजारच्या म्हातारबांना पाडलं. तेव्हापासून माझी बायको सुमन मागे लागली.

"अजी, फौजेत सारी उमर कुत्रे शिकवले तुमी. याले बसाले काहून नाई शिकवत?"

मी शेरूला चेंडू आणायला शिकवलं, चप्पल आणायला शिकवलं, उभ्या उभ्या हात द्यायलाही शिकवलं. बसायला शिकवलं नाही.

"चप्पल आणते, हात देते, अन् बसत नाई. मोठा साहेबच आहे तुमचा कुत्रा!" ती म्हणायची. मी विषय बदलायचो.

तिकडे काश्मीरात जगतारला कुत्र्यांचं वेड होतं. त्याच्या हौसेखातर मी बराकीत रोमाला एक खेळ शिकवला. 'बैठ' म्हटलं की बसायचं, हात द्यायचा, बिस्कीट मिळवायचं. कामाचा इशारा खेळात वापरायचा नसतो, हे हँडलरला अगदी सुरुवातीला सांगतात. मला माहीत होतं. पण जवान टाळ्या वाजवायचे आणि मी फुशारून जायचो. पुढे रोमा बिस्किटासाठी आपणहून बसू लागली. रस्त्यावरही दोनदा बसली. दोन्ही वेळा तपासलं, काही निघालं नाही. ताफा अडकला आणि मला बोलणी खावी लागली.

तिसऱ्यांदा ती रस्त्याखालून पाणी जाणाऱ्या एका मोरीच्या अलीकडे बसली. सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली होती.

वायरलेस सेटवर साहेबांचा आवाज आला. "डॉग क्यों रुका है?"

"कुछ नहीं साहब. बिस्कुट माँग रही है."

"पक्का?"

"पक्का. क्लियर."

मी लीश ओढली. रोमा उठेना. मागून जगतार हसला.

"उस्ताद, मैं मनाता हूँ इसको."

खिशातून बिस्कीट काढत तो आम्हाला ओलांडून पुढे गेला, तिला समोरून बोलवायला. मोरीवर पोचला आणि स्फोट झाला.

बराच वेळ मला काही ऐकू आलं नाही. धूळ खाली आली तेव्हा रोमा होती तिथेच बसली होती. तिच्या कानातून रक्त येत होतं. जगतार जागीच गेला होता.

चौकशीत विचारलं, कुत्र्याने इशारा दिला होता का? मी म्हणालो, "साफ इशारा नहीं था, साहब." कागदावर कुत्रं चुकल्याची नोंद झाली. रोमाला कामावरून काढलं. दोन वर्षांनी ती केनेलमध्ये मेली. ती चुकली नव्हती. मी चुकलो आणि वर खोटं बोललो. त्याची लाज मला आजही वाटते.

गेल्या आठवड्यात हे सगळं मी सुमनला पहिल्यांदा सांगितलं.

"मुक्या जिवावर आळ घातला तुमी," ती म्हणाली. मग शेरूकडे बघून म्हणाली, "आता याले शिकवा. अन् तो बसला का त्याचं आयकत जा."

चार दिवसांत शेरू शिकला.

काल शेतावर जाताना तो बांधावर न सांगता खाली बसला. माझे पाय थांबले. मी हात मागे करून सुमनलाही थांबवलं.

"काय झालं जी?"

"शेरू बसला."

पुढे नुसतं धान आणि पाणी होतं. तरी तीही माझ्याशेजारी उभी राहिली. मी जगतारचं नाव घेतलं, मग रोमाचं. शेरू उठला, तेव्हाच आम्ही पुढे पाऊल टाकलं.